डोळे एकाच ठिकाणी असू द्या

खडवलीहून लोकलने चौथे स्टेशन कल्याण. या गाडीने बारावीच्या प्रॅक्टिकलला येणारी एखादी कर्णबधिर विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. ब्युरेटमधून थेंब थेंब पडतो आहे आणि शंकुपात्रातल्या द्रावणाला फिकट गुलाबी छटा कधी येते, याकडे तिची नजर खिळली आहे. नेमके तेव्हाच सर म्हणतात, "आता सावकाश!" दुभाषीचे हात हलू लागतात. तिने पाहायचे कुठे? मान वळवली की अंतिम बिंदू निसटतो, न वळवली तर सूचना. चुकलेल्या रीडिंगवर शेरा मात्र 'लक्ष नव्हते' असा पडतो.

आपल्या दहावीला दिव्यांग विद्यार्थ्यांना विज्ञानाऐवजी 'शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र' घेण्याची मुभा आहे. ज्याला गरज आहे, त्याला ती मिळायलाच हवी. पण ज्या मुलीला रसायनशास्त्र हवे आहे, तिला या सवलतीच्या वाटेने प्रयोगशाळेबाहेर काढणे हा अन्याय आहे. 1975 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे जॉन कॉर्नफर्थ विशीतच पूर्ण बहिरे झाले होते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शिक्षणसंस्थांवर आवश्यक सोयी करून देण्याची जबाबदारी टाकली आहे. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश 2021 मध्ये आला. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत दुभाषींना प्रशिक्षण मिळते. साधने आहेत, आता आपल्या सवयी बदलायच्या आहेत.

आधी समजावून सांगा, मग थांबा, मग प्रयोग करू द्या. दुभाषीला उपकरणाच्या मागे, विद्यार्थिनीच्या नजरेच्या रेषेत उभे करा आणि त्यांनाही सुरक्षा चष्मा द्या. प्रयोगाची कृती आणि 'अनुमापन', 'दर्शक' अशा संज्ञा आदल्या दिवशी दोघांच्या हाती द्या, म्हणजे खुणा आधीच ठरतील. प्रकाशाचे प्रयोग अंधाऱ्या खोलीत असतील तर दुभाषीच्या हातांवर पडेल असा छोटा दिवा ठेवा. धोक्याच्या घंटेसोबत लुकलुकणारा दिवा बसवा. आणि बोलताना दुभाषीकडे नव्हे, विद्यार्थिनीकडे पाहून बोला.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, पूर्वतयारी लागते. येत्या सत्रातल्या पहिल्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी दुभाषीसोबत अर्धा तास बसा. त्या विद्यार्थिनीलाही बोलवा. कुठे उभे राहिले की नीट दिसते, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.