पात्र आणि पात्रता

साहित्याच्या अभ्यासकांत व्हिडिओ गेमचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. पहिल्यांचे म्हणणे सरळ असते: हा पोरखेळ, याचा साहित्याशी काय संबंध? या मंडळींशी वाद घालण्यात हशील नाही. कादंबरीबद्दलही एकेकाळी याच सुरात बोलले गेले होते आणि कादंबरीने त्याची फारशी फिकीर केली नाही. आमचे भांडण दुसऱ्या पंथाशी आहे. हा पंथ उदार आहे, अद्ययावत आहे, आणि गेमला साहित्याच्या पंगतीत पाट मांडून देण्यास उत्सुक आहे. गेममध्येही कथानक असते, संवाद असतात, सत्-असत् यांचा झगडा असतो, सबब गेम हेही साहित्यच, असे त्याचे प्रमेय. मग नायकाचा प्रवास, खलनायकाची प्रतीकात्मकता, मिथकांची पुनर्मांडणी अशा ठरीव मथळ्यांखाली निबंध लिहिले जातात. खेळणारा ज्या पानापुढे बसून खरोखर डोके खाजवतो, त्या पानाचा या निबंधांत उल्लेखही नसतो.

ते पान म्हणजे पात्राच्या घडणीचे पान. ॲक्शन रोल-प्लेइंग या गेमप्रकारात खेळणारा एक पात्र घेतो, शत्रू मारून अनुभव मिळवतो, अनुभवातून पातळी वाढते, आणि प्रत्येक पातळीमागे काही गुण हाती येतात. ते कोठे खर्च करायचे हे त्याने ठरवायचे. या ठरवण्यातून उभ्या राहणाऱ्या आकृतीला खेळणारे 'बिल्ड' म्हणतात. आमचे म्हणणे असे की या प्रकारातले स्वभावचित्रण असलेच तर ते या बिल्डमध्ये आहे. मधूनमधून दाखवल्या जाणाऱ्या चित्रफितींत ते शोधणे म्हणजे नाटक सोडून पडद्यावरची वेलबुट्टी तपासण्यासारखे आहे.

मराठीला येथे एक नैसर्गिक सोय आहे. 'गुण' हा शब्द स्वभावातल्या गुणालाही लागतो आणि परीक्षेतल्या गुणालाही. 'पात्र' म्हणजे नाटकातली व्यक्ती, भांडे आणि लायक माणूसही. गेमच्या या पानावर हे सगळे अर्थ एकाच वेळी खरे असतात. अंगात पुरेसे बळ नसेल तर चिलखत चढवता येत नाही. पात्राला पात्रता लागते, आणि ती गुण खर्चून मिळते. इतकी जुळणी हाताशी असूनही आम्ही नायकाच्या प्रवासावर लिहीत बसलो आहोत!

या पद्धतीचे मूळ संगणकाच्या पडद्यावर नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या १९७४ सालच्या बैठ्या खेळात पात्राला बळ, बुद्धी, शहाणपण, चिवटपणा, चपळाई आणि प्रभाव असे सहा गुण असत. प्रत्येकासाठी तीन फासे टाकायचे. तीन ते अठरा यांपैकी जो आकडा पडेल तो स्वीकारायचा. म्हणजे गुण हे प्राक्तन होते. 'डायब्लो २' (२०००) पर्यंत येताना फासा मागे पडला आणि गुंतवणूक आली. येथे पाच वर्ग होते, २००१ च्या पुरवणीनंतर सात. प्रत्येक वर्गाला दहा-दहा कौशल्यांचे तीन वृक्ष. दर पातळीला चार अंगभूत गुणांत वाटायला पाच अंक आणि कौशल्यासाठी एक.

आता हिशेब पाहा. एका वर्गाची तीस कौशल्ये, प्रत्येकात स्वतःचे जास्तीत जास्त वीस अंक घालता येतात. एकूण जागा सहाशे. नव्व्याण्णवाव्या पातळीपर्यंत पोहोचणाऱ्याच्या हाती, मधल्या कामगिऱ्यांची बक्षिसे धरून, अंक पडतात एकशे दहा. बहुतेकांची मजल त्या पातळीपर्यंत जातच नाही. सहाशेपैकी निदान चारशे नव्वद जागा रिकाम्या राहणार, हे पहिल्या क्षणापासून ठरलेले आहे. आणि २००० ते २०१० अशी दहा वर्षे या खेळात एकदा दिलेला अंक परत घेता येत नसे. चुकलात तर चुकलात. हवे तर नवे पात्र घेऊन पहिल्या पातळीपासून चाला. तिसाव्या पातळीला उघडणाऱ्या एखाद्या कौशल्यासाठी अंक हाती राखून अर्धेकच्चे पात्र कसेबसे पुढे रेटणारे खेळाडू त्या काळी होते. त्या राखून ठेवण्यात जी व्रतस्थ वृत्ती आहे ती त्या गेमच्या अख्ख्या कथानकात कोठेही नाही.

स्वभाव निवडीतून प्रकट होतो, हे ॲरिस्टॉटलने सांगितलेले आपण दरवर्षी वर्गात सांगतो. मग परीक्षेत विद्यार्थी काय लिहितो? कर्ण शूर होता, दानशूर होता, स्वाभिमानी होता. प्रत्येक विशेषणाला एक प्रसंग, प्रत्येक प्रसंगाला एक गुण. कोणी काही म्हणो, ही चक्क गुणपत्रिका आहे, आणि बिल्डच्या पानापेक्षा निकृष्ट आहे. कारण बिल्डच्या पानावर निदान काय सोडून दिले तेही दिसते. कर्ण कर्ण होतो तो त्याच्या प्रत्येक मिळकतीला चिकटलेल्या तोट्यामुळे. कवचकुंडले देऊन इंद्राची शक्ती मिळाली, पण एकदाच वापरण्यापुरती; ती अर्जुनासाठी जपली आणि घटोत्कचावर खर्ची पडली. परशुरामाकडून विद्या मिळाली, आणि ऐन वेळी ती आठवणार नाही हा शापही.

वर आणि शाप एकाच वाक्यात बांधण्याची ही रीत न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सच्या 'पाथ ऑफ एक्झाइल' (२०१३) मध्ये जितकी नेटकी दिसते तितकी आम्हांला इतर गेममध्ये क्वचितच दिसली. तेराशेहून अधिक बिंदूंचे एकच अवाढव्य जाळे, आणि सातही वर्ग त्याच जाळ्यात वेगवेगळ्या ठिकाणी उभे. म्हणजे जन्म वेगळा, नकाशा एकच. या जाळ्यात काही कळीचे बिंदू आहेत. एक घेतला तर तुमचा वार शत्रूला कधीच चुकवता येत नाही. मात्र तो कधीच मर्मावरही बसत नाही. दुसरा घेतला तर विषासमान एका जातीच्या आघातांपासून संपूर्ण अभय मिळते; पण प्राण उरतो एका अंकाएवढा, आणि पुढचे सारे आयुष्य अंगावरच्या अदृश्य ढालीच्या भरवशावर काढायचे. चार ओळींच्या या तरतुदींत जेवढा स्वभाव आहे तेवढा तास-दीड तासाच्या चित्रफितींत दाखवून द्यावा, असे आमचे दुसऱ्या पंथाला आव्हान आहे.

पंथाने या पानाकडे डोळेझाक केल्यामुळे जे घडले ते अधिक गंभीर आहे. गेल्या पंचवीस वर्षांत या प्रकारातल्या निवडीची किंमत हळूहळू उतरवली गेली आणि समीक्षेला त्याचा पत्ता नाही. २०१० मध्ये 'डायब्लो २' मध्ये अंक परत घेण्याची सोय आली. मोजक्या वेळा, म्हणून ते निदान प्रायश्चित्तासारखे तरी वाटे. २०१२ च्या 'डायब्लो ३' ने प्रश्नच निकालात काढला. अंगभूत गुण आपोआप वाढू लागले आणि कौशल्ये अंगरख्यासारखी केव्हाही बदलता येऊ लागली. २०२३ साली 'डायब्लो ४' आला तेव्हा त्यात सोने मोजून अंक परत मिळत. इंद्राच्या दारी जावे, शक्ती परत करावी, थोडे सोने द्यावे आणि कवचकुंडले पुन्हा चढवून यावे! गंमत अशी की मरण कायमचे ठेवण्याची ऐच्छिक सोय या मालिकेत 'डायब्लो २' पासून 'हार्डकोअर' नावाने टिकून आहे. मरण अटळ ठेवता येते, निवड नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. नोकरीधंदा सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्याने तीन महिन्यांपूर्वीच्या चुकीपायी सगळे पुन्हा का करावे? शिवाय परतीची वाट नसली की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस प्रयोग करत नाही. दुसऱ्याने सिद्ध केलेला बिल्ड उतरवून घेतो. हे खरे आहे. 'डायब्लो २' च्या काळातही बळ चिलखतापुरते, चपळाई ढालीपुरती, उरलेले सगळे चिवटपणात आणि मनःशक्तीत शून्य, हा पाठ खेळाडूंत घोकला जात होता. २००३ च्या फेरबदलानंतर पवित्र हातोडे फिरवणारे पॅलाडिन तर गल्लोगल्ली झाले. पण आक्षेपाचा उत्तरार्ध टिकत नाही. परतीची वाट उघडल्यावर उतरवून घेणे थांबायला हवे होते. ते वाढले. आज तयार बिल्डची आयती पाने कौशल्यागणिक, दागिन्यागणिक मिळतात. तेव्हा भीती हे कारण नव्हे. कारण हे की दर सेकंदाला किती इजा होते, या एका आकड्यावर सगळ्या पात्रांचे मोजमाप होऊ लागले. आणि एकच माप असेल तेथे एकच उत्तम उत्तर असते, ते गाइडात छापलेले असते.

गाइड या शब्दावर आमच्या व्यवसायातल्या कोणी नाक मुरडू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत कौशल्याच्या नावाने स्वतंत्र विषय आले, त्यांचे श्रेयांक आले, ते साठवायला श्रेयांकांची बँकही आली. विद्यार्थ्याने स्वतःला घडवावे असे आम्ही त्याला सांगतो आणि घडवण्याचा जो तक्ता त्याच्या हाती देतो तो कौशल्यवृक्षाहून वेगळा नाही. फरक इतकाच की त्याचे वर्ष परत मिळत नाही. असो, हा विषय निराळा आहे आणि त्यावर येथे पूर्वीही रण माजले आहे. मुद्दा एवढाच की ज्या भाषेत आमचे विद्यार्थी आज मोजले जातात, त्या भाषेचे सर्वांत खुले रूप या पानांवर आहे, आणि ती वाचण्याचे शिक्षण कोणी द्यायचे तर ते आम्हीच.

ते वाचन कसे असेल याचा एक नमुना देतो. 'डायब्लो २' ची चेटकीण घ्या. २००३ च्या फेरबदलानंतर एकमेकांना पूरक अशी कौशल्ये वाढवली की मुख्य कौशल्याचे बळ वाढू लागले. म्हणजे एकाच तत्त्वाशी एकनिष्ठ राहणाऱ्याला बक्षीस. पण याच खेळाच्या 'हेल' या अंतिम काठिण्यावर एखाद्या तत्त्वाची बाधाच न होणारे शत्रू ठायी ठायी भेटतात. म्हणजे त्याच एकनिष्ठेला शिक्षा. नुसत्या हिमाची उपासना करणारी चेटकीण अशा शत्रूपुढे हतबल होते. म्हणून अनेकांनी हिमगोल आणि उल्का अशी जोड साधली. अशा चेटकिणीचे हिम पूर्ण थंड नसते आणि आग पूर्ण प्रखर नसते. पूरक कौशल्यांत घालायला अंक उरलेले नसतात. विजेचा वृक्ष, दूर उडी घेण्याची एखादी विद्या सोडली तर, रिकामाच असतो. हिम लागेना की ती उल्का पाडते, आग लागेना की हिमगोल फेकते. दोन्ही न लागणारा शत्रू समोर आला, तर सोबतच्या भाडोत्री सैनिकाला पुढे घालते, किंवा वळसा घालून निघून जाते.