निळ्या रंगाचा ताळा



कवायतीत हात धरून रांगेने वळलात का कधी? आतला मुलगा जागच्या जागी पाय हलवतो, बाहेरच्याला धावावं लागतं. गाडीच्या चाकांचंही तसंच! वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. मागच्या दोन्ही चाकांना इंजिनची ताकद मिळावी, पण वेग वेगवेगळा राहावा, म्हणून मधे असतो दातेरी चक्रांचा डबा, डिफरन्शियल. फ्रान्सच्या पेकरने अशा रचनेचं पेटंट घेतलं.

आमच्या दादाच्या भाजीच्या पिकअपमध्ये मागून घूंऽऽ आवाज येऊ लागला. बेअरिंग झिजलं होतं. गॅरेजवाल्या काकांच्या देखरेखीखाली दादाने आणि मी पहिल्यांदाच तो डबा खोलला. नवं बेअरिंग बसवलं, सगळं जोडलं. झालं!

काकांनी मोठ्या चक्राच्या दातांना निळा रंग लावून ते फिरवलं. ठसा दाताच्या मधोमध उमटायला हवा होता. आमचा गेला होता पार टोकाकडे! पाहतो तर पिनियनमागची पातळ चकती, शिम, फडक्यातच राहिलेली. जाडी पोस्टकार्डाएवढी.

दादा म्हणाला, "राहू द्या काका, पहाटे बाजार गाठायचाय."

"भरल्या गाडीने घाटात दाते तुटले तर?"

पुन्हा सगळं खोललं. रात्री अकराला ठसा मधोमध आला. पहाटे गाडी गेली, आवाज न करता.

वर्गात मी रोज म्हणते, "उत्तर आलं तरी ताळा करा." त्या रात्री मला स्वतःलाच तो करायचा कंटाळा आला होता!

— तुमच्या बाई