मोतीबिंदू, मेडिक्लेम आणि दोन वर्षे

आमच्या पेठेत एक निवृत्त गुरुजी राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळांतून आयुष्यभर नोकरी केली, वय सदुसष्ट. गेल्या वर्षी श्रावणात ते दवाखान्यात आले. रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली, ती त्यांनी आधी हातभर लांब धरली, मग नाकाशी आणली आणि हसत म्हणाले, "डॉक्टर, तुमचं अक्षर बिघडलंय की माझे डोळे?" माझे अक्षर पहिल्यापासूनच वाईट आहे. पण टॉर्च लावून पाहिले तर दोन्ही बाहुल्यांमागे पांढुरकी छटा होती. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा लवकर करून घ्या, असे त्यांनी सांगितले.

पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने चौदा महिन्यांपूर्वीच वडिलांसाठी मेडिक्लेम घेतला होता. पॉलिसीचा कागद बाहेर काढला तर बारीक अक्षरात लिहिलेले, मोतीबिंदूसाठी चोवीस महिने थांबावे लागेल. (हे बारीक अक्षर मोतीबिंदू झालेल्या माणसाने वाचायचे!) गुरुजी म्हणाले, "दहाच महिने राहिलेत. एवढा हप्ता भरलाय, तो वाया कशाला घालवायचा?" सीपीआरमध्ये हे ऑपरेशन होते, असे मी सुचवून पाहिले, पण मुलाला ते कमीपणाचे वाटले. मीही फार जोर धरला नाही, हे कबूल करतो.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी दूध आणायला निघालेल्या गुरुजींना गटारीचा काठ दिसला नाही. पडले आणि खुब्याचे हाड मोडले. अपघाताला थांबण्याची अट नसते, त्यामुळे कंपनीने ते ऑपरेशन मंजूर केले. बिल लाखाच्या वर गेले, ते तिने भरले. डोळ्यासाठी तीसेक हजार द्यायला नियम आडवा आला आणि डोळ्यापायी मोडलेल्या हाडासाठी तिप्पट-चौपट रक्कम निघाली. यात शहाणपण कोणते, हे मला अजून उमगलेले नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. आपल्याकडे मेडिक्लेम १९८६ साली सुरू झाला. विमा म्हणजे अचानक येणाऱ्या संकटासाठी सर्वांनी मिळून केलेली वर्गणी. मोतीबिंदू अचानक येत नाही. वयाबरोबर तो बहुतेकांना होतो आणि ऑपरेशनची तारीख आपण ठरवतो. पहिल्या दिवसापासून पैसे मिळू लागले तर लोक दिसेनासे झाल्यावर पॉलिसी काढतील, दोन्ही डोळे करून घेतील आणि पुढच्या वर्षी हप्ता बंद करतील. ही भीती खोटी नाही. माझे म्हणणे एवढेच की, या अटीमुळे माणसे आंधळेपणाने वाट पाहत बसतात आणि त्या वाट पाहण्याचा खर्च कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही.

मुदत संपली म्हणजे सुटलो, असेही नाही. पुढे मर्यादा येते. २०२० पासून सर्व कंपन्यांनी विकायला सुरू केलेली 'आरोग्य संजीवनी' ही एकसारखी पॉलिसी घ्या. तीत एका डोळ्याच्या मोतीबिंदूला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४० हजार रुपये, यांपैकी जे कमी ते मिळते. म्हणजे लाखाची पॉलिसी असेल तर २५ हजार. पाच लाखांची असली तरी ४० हजारच. शिवाय मंजूर रकमेतले ५ टक्के आपण भरायचे. पाच लाखांचा विमा आहे म्हणून निर्धास्त असलेला माणूस बिलाच्या खिडकीपाशी चकित होतो, तो इथे.

आता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वळू. कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज या गावांतली बहुतेक नेत्र रुग्णालये छोटी. नवराबायको दोघेही डॉक्टर, वर घर, खाली दवाखाना, मायक्रोस्कोप आणि फेको मशीन बँकेच्या कर्जावर. कॅशलेससाठी कंपनीशी करार केला की पेशंट वाढतात, पण दर कंपनी ठरवते. त्यात फाइलवर शंका निघतात, एखादा कागद पुन्हा मागवतात, पैसे महिन्या-दीड महिन्याने येतात. माझ्या एका नेत्रतज्ज्ञ मित्राने निव्वळ या पत्रव्यवहारासाठी एक मुलगा नेमला आहे. त्याचा पगार शेवटी पेशंटच्याच बिलातून जाणार. २०१० च्या जुलैत चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई-दिल्लीसारख्या शहरांतल्या बड्या रुग्णालयांची कॅशलेस सोय बंद केली होती. रुग्णालये विमा पाहून बिल फुगवतात, ही त्यांची तक्रार. आमच्या व्यवसायाच्या वतीने मी त्यावर पांघरूण घालणार नाही. "कॅश की कॅशलेस?" हा प्रश्न काउंटरवर आजार विचारण्याआधी येतो, आणि उत्तरानुसार आकडा बदलतो. दर परवडत नाही म्हटले की मग भारी लेन्सचा आग्रह सुरू होतो, कारण वरचा फरक पेशंट रोख देतो. भारी लेन्स काहींना खरोखरच उपयोगी पडते. पण शेतात राबणाऱ्या आजीला ती कशाला हवी, हे विचारायचा हक्क तिच्या नातवाला आहे. साध्या लेन्सनेही छान दिसते.

पण विम्याचा खरा दोष मला दुसराच वाटतो. तो कापाकापीला पैसे देतो, तपासणीला सहसा देत नाही. काचबिंदू न दुखता, न बोलता नजर खातो. त्याला वर्षानुवर्षे थेंब आणि तपासण्या लागतात. मधुमेह्याने वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. ही सगळी बाह्यरुग्ण कामे, म्हणून नेहमीच्या पॉलिसीबाहेर. पडदा बिघडल्यावर डोळ्यात द्यावी लागणारी इंजेक्शने तरी मिळावीत, म्हणून विमा नियामकाला २०१९ मध्ये ती आधुनिक उपचारांच्या यादीत घालावी लागली. त्याआधी, रात्रभर दवाखान्यात राहिला नाहीत, या कारणाने दावे फेटाळले जात. चष्म्याचा नंबर घालवण्याचे ऑपरेशन साडेसात नंबरच्या आत असेल तर विम्यात बसत नाही आणि खुद्द चष्माही नेहमीच्या पॉलिसीत मिळत नाही.

चष्म्याला कोणी मोठा उपचार समजत नाही. हुपरीत चांदीच्या कड्या जोडणारा कारागीर चाळिशीत आला की जवळचे अंधूक होते. हात तोच, कसब तेच, पण काम मंदावते. आसामात चहाची पाने खुडणाऱ्या मजुरांना जवळचा चष्मा देऊन पाहिले, तेव्हा चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत त्यांची खुडणी पाचव्या हिश्शाहून अधिक वाढली. २०१८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एवढा परतावा देणारे दुसरे औषध माझ्या कपाटात नाही.

अमेरिकेत डोळ्यांचा विमा निराळाच मिळतो. वर्षाला एक तपासणी आणि फ्रेम-काचेसाठी ठराविक रक्कम. ऐकायला बरे वाटते. पण तिथल्या एका मोठ्या योजनेची मालक कंपनी चष्म्याच्या फ्रेमा, काचा आणि दुकानेही चालवते. स्वतंत्र दुकान असलेले डॉक्टर या योजनांच्या कमी दरांबद्दल कुरकुर करतात. आणि न्यू जर्सीतून सुट्टीला आलेली आपली मुले महाद्वार रोडची खरेदी उरकता उरकता दोन-तीन चष्मे करून घेऊन जातात, ते उगीच नाही.

आपल्याकडे १९७६ पासून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आहे. शिबिरांतून आणि सरकारी रुग्णालयांतून लाखो ऑपरेशने फुकट झाली. तरीही २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वाचे ६६ टक्के कारण उपचार न झालेला मोतीबिंदूच निघाले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचे कार्ड मिळते. आमचे गुरुजी त्याला तीन वर्षांनी कमी पडले.

म्हणून वाचकांना सांगतो, आईवडिलांची पॉलिसी आजच काढून पाहा. मोतीबिंदूला किती महिने थांबायचे आणि एका डोळ्याला किती रुपये, हे दोन आकडे पेनने वर लिहून ठेवा. रुग्णालयात रोखीचा आणि कॅशलेसचा, दोन्ही दर लेखी मागा. २०२४ च्या नियमाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय कंपनीने तासाभरात द्यायचा आहे. दावा अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि दाद मिळाली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आणि नजर कामाच्या किंवा चालण्याच्या आड येत असेल तर मुदत संपायची वाट पाहू नका. पैसे नसतील तर सीपीआर आहे, त्यात लाज कसली?

गुरुजींनी खुबा जुळल्यावर उजवा डोळा बँकेतली ठेव मोडून करून घेतला. डावा या जूनमध्ये, मुदत भरल्यावर, विम्यातून झाला. मर्यादेवरचे पैसे त्यांनी पदरचे भरले. काठी मात्र सुटलेली नाही. परवा गोळ्यांची चिठ्ठी दिली, तेव्हा ती जागच्या जागी वाचून म्हणाले, "डॉक्टर, अक्षर तुमचंच वाईट आहे."