लाकडाचा मल्ल, काचेचा मल्ल

गेल्या भाऊबीजेला नाशिकास धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. कॉलेज रोडवर तिसऱ्या मजल्यावर तिचे बिऱ्हाड. जिना चढतो आहे तोच वरून धबाधबा आवाज! दार उघडून पाहतो तो आमचे भाचेराव घामाने निथळत, दूरदर्शन संचापुढे हवेत ठोसे लगावीत आहेत.

"दादा, जरा बाजूने ये हं. त्याचं मुष्टियुद्ध चाललंय," बहीण म्हणाली.

मी जुन्या वळणाचा माणूस. तोंडून निघून गेले, "का रे, नाशकातली मैदानं काय ओस पडली?" पोराने हात खाली घेतले आणि मुकाट्याने आतल्या खोलीत गेला.

फराळाचे ताट पुढे ठेवताना बहिणीने हळूच सांगितले. चिरंजीव सातवीत, अंगाने स्थूल. शाळेत खो-खोचे गडी वाटून घेताना हा नेहमी शेवटी उरतो. मग मुले म्हणतात, "तू आपला गुण लिही." दोन वर्षे हा वही घेऊन मैदानाच्या कडेला बसतो आहे! हातातली चकली हातातच राहिली, वाचकहो. मी काय बोलून बसलो होतो!

आता या यंत्राबद्दल थोडेसे. जपानच्या कोनामी कंपनीने 1998 साली नाचाचा खेळ काढला. पडद्यावर बाण उमटले की पायाखालच्या त्याच बाणावर पाऊल टाकायचे. 2006 मध्ये निन्टेन्डोने हातात धरावयाची कांडी आणली. हात हलला की ती हालचाल कांडीला कळते आणि पडद्यावरचा गडीही तसाच हलतो. म्हणजे बसून बोटे चालविण्याचा हा खेळ नव्हे, येथे सारे अंग कामाला लागते.

आपल्याकडच्या पालकांना यात काही नवल वाटू नये. नवल वाटलेच तर त्यांनी निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याची आठवण करावी. बाळंभट्टदादा देवधर तिथले. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी अली व गुलाब हे मल्ल आले, तेव्हा दादा सप्तशृंगीच्या गडावर गेले आणि मारुतीरायाच्या दृष्टान्ताने त्यांना मल्लखांब सुचला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका राहो. कल्पना मात्र पाहण्याजोगी आहे. समोर जिवंत जोडीदार नसला तर लाकडाचा खांबच मल्ल मानावयाचा, त्याला मिठी मारावयाची, त्याच्यावर पेच घोटावयाचे. खांब हसत नाही की नावे ठेवीत नाही. शंभरदा घसरले तरी पुन्हा अंगावर घेतो. माझ्या भाच्याने तसाच काचेचा मल्ल शोधला होता, इतकेच!

पण फायदा किती, हेही तपासले पाहिजे. 2007 साली लिव्हरपूलच्या संशोधकांनी 13 ते 15 वर्षांच्या 11 मुलामुलींवर हे खेळ पारखून पाहिले. बसून खेळण्याच्या मानाने शक्ती निदान निम्म्याने अधिक खर्च होते, पण खरा खेळ खेळताना होते तितकी होत नाही, असे त्यांना आढळले. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी निदान 60 मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी म्हणते. तेवढे काम एकट्या पडद्याकडून होईल असे मला वाटत नाही.

आणि अभ्यासाचे काय, हा प्रश्न तर आयांच्या ओठांवर असणारच. अमेरिकेत इलिनॉय येथे 2009 साली 20 मुलांना फिरत्या पट्ट्यावर 20 मिनिटे चालविले. नंतर भोवतालच्या खुणांनी न भुलता नेमक्या खुणेकडे लक्ष देणे त्यांना अधिक जमले, वाचलेलेही अधिक उमगले. मुले थोडी, प्रयोग छोटा, तेव्हा त्यावरून पहिला नंबर येईल असे कुणी समजू नये! पण शिकवणीपूर्वीचा खेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, हे म्हणणे आता सोडावे.

नुसत्या चालण्याने एवढे, मग खो-खोत काय होत असेल? पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. आठ गडी आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून बसलेले. पळणारा त्यांच्यामधून हुलकावण्या देतो आहे. आता खो कुणाला द्यावा? पाय पळत असतानाच डोक्याने हा निवाडा करावयाचा! पडद्यावरचा बाण कंपनीने आधीच ठरविलेला असतो. हुलकावणी मात्र समोरच्या पोराला त्याच क्षणी सुचते. माझे मत विचाराल तर तिथे काच हरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीतली दहा-बारा मुले घेऊन आम्ही गोल्फ क्लबच्या मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर गेलो. भाचा येईना. मी म्हटले, "अरे, मी साठीचा. मला तरी पकडशील?" तेव्हा निघाला. गडी मीच वाटले आणि त्याला मुद्दाम मध्ये बसविले. खो मिळाला मात्र, गडी तीरासारखा उठला! दम टिकला, हातही लांब गेला, ठोशांची सवय कामी आली असावी. पण ऐन वेळी मागे वळला आणि साऱ्यांनी एकच गिल्ला केला, "फाउल!" मला वाटले, आता रडतो की काय. तो कमरेवर हात ठेवून हसत होता.

घरी येताच चपला काढण्याआधी त्याने स्वयंपाकघरात ओरडून सांगितले, "आई, आज मी गुण लिहिले नाहीत!"