पुनर्विवाह आणि स्वतंत्र मिळकत

पुनर्विवाहाच्या बैठकींत मुहूर्त-मानपानाचा खल तासन्‌तास चालतो. परंतु विधवेनें नोकरी करून, मुलें वाढवीत, स्वतःच्या पैशानें घेतलेल्या घराचें पुढें काय, हें विचारणें मात्र अशुभ! गोव्यांत ही भीड फार महाग पडते. पोर्तुगीज अमदानींतील १८६७ च्या दिवाणी कायद्यानुसार तेथें विवाहापूर्वीं लेख झाला नसेल, तर पतिपत्नींची मिळकत सामान्यतः सामायिक होते. हिंदूंसही यांतून सुटका नाहीं. मिळकत विभक्त राखावयाची, तर करारनामा विवाहाआधींच रीतसर झाला पाहिजे. मागाहून तो करितां येत नाहीं, फिरवितांही येत नाहीं.

महाराष्ट्रांत हिंदु स्त्रीची मिळकत विवाहानें सामायिक होत नाहीं. तरी निर्धास्त राहूं नये. १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणें ती मृत्युपत्रावांचून निवर्तल्यास तिच्या स्वार्जित मिळकतींत मुलांबरोबर दुसरा पतिही वारस होतो. येथें करारनाम्यापेक्षां मृत्युपत्रच उपयोगी; तें लग्नाआधीं केलें तरी चालतें, कारण हिंदूचें मृत्युपत्र विवाहानें रद्द होत नाहीं. हा विषय वडीलधाऱ्यांवर न टाकतां, आमच्या मतें, वधूनेंच काढावा. आणि मुलांचा वांटा मोघम न ठेवतां नांवानिशीं लिहावा.