मूळ जपा, प्रत स्वच्छ करा

एका चित्रफितीने हातावर पोट असणाऱ्यांचे काय होऊ शकते, हे दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजाराने डिसेंबर २०२१ मध्ये अनुभवले. तेथील गर्दीची चित्रफीत पाहून दिल्ली उच्च न्यायालयाने तीव्र चिंता व्यक्त केली आणि पाठोपाठ बाजारातील अतिक्रमणे हटविण्याची मोहीम झाली. साथीच्या दिवसांत गर्दी आवरणे आवश्यक होते, याबद्दल वाद नाही. पण अशा मोहिमांचा पहिला घाव पथारीवाल्यांवरच पडतो, हेही तितकेच खरे.

आज कॅमेरा पथारीवाल्याच्याही खिशात आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटविता येत नाही. माल जप्त केल्यास त्याची यादी द्यावी लागते. हा कायदा पायदळी तुडविला गेल्याचे सिद्ध करावयाचे तर मोबाईलवर काढलेला फोटो हाच गरिबाचा साक्षीदार. मात्र हा साक्षीदार विचारल्याहून अधिक बोलतो, याची जाणीव आपल्या चळवळीत अद्याप पुरेशी नाही.

फोटोच्या फाईलमध्ये चित्राखेरीज 'मेटाडेटा' नावाची छुपी माहिती असते. जपानी उद्योगांच्या संघटनेने १९९५ मध्ये ठरविलेल्या 'एक्झिफ' या पद्धतीनुसार कॅमेऱ्याचे नाव, दिवस व वेळ तीत नोंदली जाते. मोबाईलमध्ये स्थळनोंद चालू असेल तर अक्षांश-रेखांशही उमटतात. संगणक-व्यावसायिक जॉन मॅकॅफी डिसेंबर २०१२ मध्ये पोलिसांना चुकवीत फिरत असता एका नियतकालिकाने त्यांचा फोटो प्रसिद्ध केला आणि त्यातील नोंदीवरून ते ग्वाटेमालात असल्याचे जगाला कळले. जप्तीच्या पावतीचा फोटो घरी बसून काढणाऱ्या विक्रेतीचे, किंवा ठेकेदाराविरुद्ध तक्रार करणाऱ्या बांधकाम मजुराचे घर अशाच रीतीने उघड होऊ शकते. धमकी देणाऱ्याला तेवढे पुरते.

मग ही माहिती सरसकट पुसून टाकावी काय? नाही. स्थळ आणि काळ हाच तर आपल्या तक्रारीचा कणा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाईलचा 'हॅश' हा संगणकीय ठसा नमूद करावा लागतो. फाईलमध्ये किंचितही बदल झाला की हा ठसा बदलतो. म्हणून मूळ फाईलला हात लावू नये; ती युनियनच्या कार्यालयात सुरक्षित ठेवावी. वाटावयाची ती प्रत, आणि ती स्वच्छ केलेली.

हे काम अवघड नाही. विंडोज संगणकावर फाईलच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'डिटेल्स' या पानावर तळाशी माहिती काढून टाकण्याची सोय आहे. तेथे स्वच्छ केलेली वेगळी प्रत तयार करण्याचा पर्याय निवडावा. 'एक्झिफटूल' हे साधन विनामूल्य मिळते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठविल्यास स्थळाची नोंद सहसा गळते, पण तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास जशीच्या तशी जाते. आणि मेटाडेटा गेला तरी चेहरा, दुकानाची पाटी, गाडीचा क्रमांक चित्रात राहतोच. तोही झाकावयास हवा.

प्रश्न केवळ तंत्राचा नाही. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर दिवसातून दोनदा स्थळ-काळासह फोटो काढून हजेरी लावण्याची सक्ती झाली. मजुरावर नजर ठेवण्यासाठी ही नोंद चालते. मग तीच नोंद मजुराच्या हाती त्याच्या संरक्षणाचे हत्यार का असू नये? खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आहे. तो हक्क पदपथावर बसणाऱ्यालाही आहे.

प्रत्येक शाखेने एका कार्यकर्त्यावर ही जबाबदारी सोपवावी आणि तक्रारदाराच्या संमतीवाचून एकही फोटो बाहेर जाऊ देऊ नये. जो कामगार विश्वासाने आपला पुरावा युनियनच्या हाती देतो, त्याच्या घराचा पत्ता आपल्याच निष्काळजीपणाने उघड होता कामा नये.