धरण भरलेलं, नळ कोरडा
तर्कक्षमतेच्या पेपरात विरोधाभास उलगडायचा प्रश्न आला की बरीच मुलं दोनपैकी एक विधान खोडायला धावतात. गुण तिथेच जातात, कारण दोन्ही विधानं खरी धरूनच पुढे जायचं असतं. पिंपरी-चिंचवडच्या मुलांना मी घरचंच उदाहरण देतो. 2019च्या पावसाळ्यात त्यांच्या शहराला पाणी देणारं पवना धरण पूर्ण भरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात शहराला दिवसाआड पाणी सुरू झालं. आता पर्याय. ‘लोकसंख्या वाढली’ हा सगळ्यात फसवा. मागणी का वाढली ते तो सांगतो, पण धरणात साठा असून तो घरापर्यंत का येत नाही, हे सांगत नाही. ‘पुण्याला खडकवासल्यातून पाणी मिळतं’ हे खरं, पण इथे गैरलागू. उत्तर धरण आणि नळ यांच्या मधल्या वाटेवर आहे. पाणी नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात, निगडीत शुद्ध करतात. साठा कितीही असो, दिवसाला जेवढं उचलता आणि शुद्ध करता येईल तेवढंच नळाला येणार. धरणातून थेट जलवाहिनी आणायचं काम 2011मध्ये थांबलं. नदीचं पाणी आटेल, शेती जाईल या भीतीने मावळचे शेतकरी रस्त्यावर उतरले आणि 9 ऑगस्टला बऊरजवळ पोलीस गोळीबारात तिघांचा जीव गेला. परीक्षेत हा भाग कुणी विचारत नाही. वर्गात मात्र मी तो सांगितल्याशिवाय पुढच्या प्रश्नाकडे जात नाही.